एकोणीसशे भेटी आणि शहाण्णव माणसं

जीनत बाळंतपणासाठी सांगलीजवळच्या कुपवाडला माहेरी आली, त्या दिवशी तिच्या अब्बांनी गल्लीत पेढे वाटले होते. बाळ व्हायला अजून तीन आठवडे होते. पेढे वेबसाइटचे होते. एका महिन्यात एकोणीसशे लोक आपल्या वेबसाइटवर येऊन गेले, असं मौला शिकलगार येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते. ज्याला वेबसाइट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यालाही पेढा मिळत होता.

मौलांचा कारखाना घराच्या मागच्याच पत्र्याच्या शेडमध्ये होता. पस्तीस वर्षं ते तिथं शेवयांचं हातमशीन बनवत आले होते. बिडाची बॉडी, आत पीठ पुढं ढकलणारा पितळेचा आटा, बाजूला फिरवायचा दांडा आणि तोंडाला बारीक भोकांची पितळेची जाळी. एके काळी रमजानच्या आधी आणि मग चैत-वैशाखात, बायका वर्षाच्या शेवया घालायला बसत त्या दिवसांत, मिरज-कऱ्हाडचे भांडीवाले दारात टेम्पो लावून उभे असायचे. मग शेवया पाकिटात मिळायला लागल्या आणि टेम्पो कमी होत होत थांबले. कारखाना आता मौलांचा मुलगा अफताब चालवत होता. तो मोठ्या कंपनीसाठी बुश, पिना असे यंत्रांचे सुटे भाग बनवून द्यायचा. शेवयांच्या मशीनचं काम एका कोपऱ्यातल्या बाकड्यावर उरलं होतं. यंदाचा उन्हाळा झाला की ते बाकडं काढून तिथं नवीन लेथ बसवायचा, असं अफताबनं ठरवलं होतं. मौलांनी त्याला अडवलं नाही. त्याआधी एकदा वेबसाइट करून बघू, एवढंच म्हणाले. अफताबचा कॉलेजातला मित्र विश्वजीत सांगलीत वेबसाइट करून द्यायचा. त्यानं ती केली. आता दर एक तारखेला तो मोबाइलवर एक आलेख पाठवत असे. आलेखाची रेघ वर जात असे आणि मौला पेढे आणत.

जीनतला मुलगी झाली. तिचं नाव आयेशा ठेवलं. अम्मीनं लेकीला चाळीस दिवस खोलीच्या बाहेर पडायचं नाही असं बजावलं. लोणंदच्या एका कारखान्यात जीनत पाच वर्षं तपासणी विभागात काम करत होती. तयार माल मोजायचा, खराब किती निघाला ते लिहायचं, आणि खराब का निघाला ते शोधायचं, हे तिचं रोजचं काम. अशा बाईला चाळीस दिवस नुसतं पडून राहणं जड जातं. एका दुपारी आयेशा मांडीवर झोपली होती. जेवायला आलेल्या अफताबला जीनतनं सहज विचारलं, की एकोणीसशे लोक येऊन गेले, त्यातल्या कितींनी फोन केला?

अफताब म्हणाला, दोघांनी. एकाला विमा विकायचा होता आणि दुसऱ्याला उसाच्या रसाचं मशीन पाहिजे होतं.

तिच्या कारखान्यातले साहेब नेहमी सांगायचे, की आकडा मोठा दिसला की खूश व्हायच्या आधी विचारायचं, यात मोजलंय काय? जीनतनं विश्वजीतला फोन लावला आणि ती आकडेवारी मला माझ्या मोबाइलवर बघता येईल का, असं विचारलं. त्यानं लगेच परवानगी दिली आणि कुठं काय दिसतं तेही समजावून सांगितलं. त्यानं खोटं काही पाठवलं नव्हतं. दोन आकड्यांतला मोठा आकडा तो पुढं ठेवत होता, इतकंच.

दोन आकडे होते. एक आकडा म्हणजे पान किती वेळा उघडलं गेलं. तो होता एकोणीसशे आठ. दुसरा आकडा म्हणजे ते उघडणारी माणसं किती. तो होता शहाण्णव.

जीनतनं आयेशाला पाळण्यात ठेवलं आणि उशीला टेकून नीट बसली. शहाण्णव माणसं एकोणीसशे वेळा कशी आली? पुढं गावांची यादी होती. सांगली या नावापुढं पाच माणसं आणि सोळाशे बारा भेटी असा हिशेब दिसत होता. पाच माणसांनी महिन्याभरात सोळाशे वेळा एक शेवयांचं मशीन बघितलं होतं. ही पाच माणसं कोण, याचा ती दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी साडेचारच्या चहाला तिला ती माणसं दिसली.

मौला हात पुसत शेडमधून आले, खाटेवर बसले आणि खिशातून मोबाइल काढून वेबसाइट उघडली. मशीनचा फोटो फार मोठा होता. तो वरून खाली सावकाश उमटत यायचा. आधी तोंड, मग दांडा, मग खालचा पाय. तो पूर्ण उमटेपर्यंत मौला चहा न पिता बघत राहिले. मग त्यांनी पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. दूधवाला आला, त्याला त्याच्याच फोनवर उघडून दाखवलं. नंतर अम्मीच्या फोनवर उघडलं, तिथं रंग जास्त चांगले दिसतात म्हणून. शेडमधल्या दोन्ही कामगारांनाही त्यांनी रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी एकदा वेबसाइट उघडायची सवय लावली होती. अब्बा, अम्मी, दोन कामगार आणि दूधवाला. पाच झाले.

अब्बांना हे कसं सांगायचं, या विचारात जीनतचा तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं. मौलांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले की पाळण्यातली आयेशा दचकून जागी झाली.

"म्हंजे माझ्याच येण्याजाण्याचं पेढं मी वाटलं व्हय?" ते म्हणाले. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, की आपली माणसं वजा केली तर राहतात किती?

जीनत म्हणाली, एक्क्याण्णव.

"एक्क्याण्णव माणसं थोडी हायत व्हय गं? आपल्या अंगणात मावायची न्हाईत." मौला पुढं सरकून बसले. "ती आली कशाला आन् गेली का, तेवढं बघ."

जीनतला वाटलं, पाच वर्षांत साहेबांनी शिकवलं नाही ते अब्बांनी एका वाक्यात सांगितलं. तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते दोन प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिले आणि ते पान खाटेजवळच्या भिंतीला टाचणीनं लावलं.

गेली का, या प्रश्नाचं उत्तर आधी सापडलं. वेबसाइटच्या पहिल्या पानावर येणारी माणसं पाच-सहा सेकंदांत निघून जात होती. जवळजवळ सगळी मोबाइलवरून येत होती. तो भला मोठा फोटो पूर्ण दिसायला अकरा सेकंद लागत होते, आणि फोन नंबर अगदी खाली, सगळं संपल्यावर होता. अब्बांना जो फोटो सावकाश उमटताना बघायला आवडायचा, त्याच्यापायी बाकीचे लोक दारातूनच परत फिरत होते.

दुसरं उत्तर मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. एक्क्याण्णवपैकी अठ्ठावन्न माणसं पहिल्या पानावर येतच नव्हती. ती थेट एका वेगळ्याच पानावर उतरत होती आणि तिथं तीन-तीन, चार-चार मिनिटं थांबत होती. वेबसाइट करताना विश्वजीतला काहीतरी मजकूर पाहिजे होता, म्हणून मौलांनी त्याला शेवयांची जाळी साफ कशी करायची ते दहा-बारा ओळींत सांगितलं होतं. पीठ वाळायच्या आत जाळी कोमट पाण्यात टाका, सुई घालू नका, भोक मोठं होतं, खराट्याची काडी वापरा, असं काहीबाही. ते पान एका कोपऱ्यात पडून होतं. घरातल्या कुणी ते कधी उघडलंही नव्हतं.

विश्वजीतनं तिला आणखी एक जागा दाखवली. लोक शोधताना कोणते शब्द लिहितात, ते तिथं दिसत होतं. जीनतनं यादी वरपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अम्मी शेजारी लसूण सोलत बसली होती आणि मौला दाराच्या चौकटीत टेकून उभे होते.

मौला मशीन जाळी. मौला शेवया मशीन सांगली. मौला मशीन दांडा ढिला. मौला सांगली जाळी मिळेल का.

जीनत थांबली. जाहिरात कुठंच केली नव्हती. वेबसाइटचं नाव शिकलगार इंजिनिअरिंग असं होतं. मौला हे नाव या लोकांना कुणी सांगितलं, हे तिला कळेना.

"मशीनवरच हाय की," अम्मी लसणावरची नजर न काढता म्हणाली.

खरंच होतं. बिडाच्या बॉडीवर, दांड्याच्या वरच्या अंगाला, मौला सांगली अशी उठावाची अक्षरं ओतलेली असायची. पहिलं मशीन केलं तेव्हा मौलांच्या वडिलांनी त्यावरून त्यांना बोल लावला होता. पिठात हात बरबटलेली बाई तुझं नाव वाचत बसणार आहे का, असं म्हणाले होते. आता वीस-पंचवीस वर्षांनी कुठल्यातरी स्वयंपाकघरात जाळी फुटत होती किंवा दांडा ढिला होत होता. घरातली कुणीतरी सून किंवा नात मशीन उजेडात धरून त्यावरची दोन नावं वाचत होती आणि मोबाइलमध्ये लिहीत होती.

मौला शेडमध्ये गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. जीनतनं खिडकीतून बघितलं, तर ते कोपऱ्यातल्या बाकड्यावरच्या जुन्या जाळ्या कापडानं पुसून मापाप्रमाणे लावत होते आणि तोंडानं शीळ घालत होते. अब्बांना शीळ वाजवताना तिनं लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी अफताबला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, की एवढी टिकाऊ मशीनं करायला अब्बांना सांगितलं होतं कुणी, पाचदहा वर्षांत मोडली असती तर लोक नवीन घ्यायला आले असते. पण तो विचारात पडला होता. येणाऱ्या माणसांकडं मशीन आधीच होतं. त्यांना पाहिजे होती जाळी, दांडा, आटा. आणि वेबसाइट त्यांना नवीन मशीन घ्या, नवीन मशीन घ्या, असं सांगत होती.

विश्वजीतनं दोन दिवसांत दुरुस्त्या करून दिल्या. फोटो लहान केला. फोन नंबर सगळ्यात वर, बोट लावलं की लागेल असा ठेवला. जाळ्यांचं नवीन पान केलं. त्यात प्रत्येक जाळीशेजारी शाळेतली पट्टी ठेवून फोटो काढले, म्हणजे घरात बसलेल्या बाईला आपल्या जाळीचं माप ताडून बघता येईल. घरच्यांचे फोन मोजणीतून वगळले. अब्बांना आता वेबसाइट हवी तितक्या वेळा उघडायला मोकळीक होती. पण फोटो झटकन येतो, पूर्वीची मजा राहिली नाही, अशी त्यांची तक्रार होती.

पहिला फोन चौथ्या दिवशी आला. बार्शीहून एक बाई बोलत होत्या. सासूच्या मशीनची जाळी चिरली होती. त्यानंतर विट्याहून, मग निपाणीहून, मग भिवंडीहून. जानेवारी संपेपर्यंत एकतीस फोन झाले. आलेल्या माणसांचा आकडा फार वाढला नव्हता, शंभराच्या थोडा वरच होता. पण आता दर तिसरं-चौथं माणूस बोलत होतं. जीनतला हा आकडा सगळ्यात आवडला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर ती दर सोमवारी तेवढाच आकडा लिहू लागली.

याच सुमारास यादीत एक वेगळा शब्द तिच्या डोळ्यांत भरू लागला. नाचणी शेवया मशीन. नाचणी शेवया तुटतात. नाचणीच्या शेवया लांब कशा करायच्या. दर आठवड्याला पाच-दहा वेळा तरी कुणी ना कुणी असं शोधत होतं. अशा वेळी शिकलगारांच्या वेबसाइटचं नाव लोकांना दिसत होतं, पण आत कुणी येत नव्हतं, कारण नाचणीबद्दल तिथं एक अक्षरही नव्हतं. हे लोक कुठले, तेही कळायला मार्ग नव्हता. गावाच्या जागी बहुतेक वेळा पुणंच दिसायचं. मोबाइलवाल्यांचं गाव असं पक्कं कळत नाही, हे विश्वजीतनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

तिनं अब्बांना विचारलं. मौला म्हणाले, नाचणीला गव्हासारखा ताण नसतो, जाळीतून बाहेर आली की ती मोडते. पूर्वी दोन-तीनदा करून बघितलं, जमलं नाही. आपल्याकडं याचं उत्तर नाही.

मग तसंच लिहू या, असं जीनत म्हणाली.

अफताबला ते अजिबात पटलं नाही. आपल्याला येत नाही हे आपल्याच वेबसाइटवर कोण लिहितो, असं त्याचं म्हणणं. मौला म्हणाले, दारात आलेल्या माणसाला खरं सांगितलं तर तो रागावत नाही, बसतो. तेव्हा नवीन पान झालं. त्यावर मौलांच्या तोंडचे शब्द होते. "नाचणीच्या शेवया तुटतात का? आमच्याही तुटतात. यावर उपाय अजून आम्हाला सापडलेला नाही. तुम्ही नाचणीच्या शेवया करत असाल तर फोन करा. मिळून शोधू." खाली नंबर.

नऊ दिवसांनी पाटणच्या वरच्या एका वाडीतून सोनिया नावाच्या बाईचा फोन आला. त्यांच्या धनगर वाड्यावरच्या आठ बायकांचा बचत गट होता. घरची नाचणी होती, करायची हौस होती, आणि घरात सासूचं जुनं मौला मशीन होतं. पण शेवयांचा सगळा चुरा होत होता. सगळीकडं लोक नवीन मशीन घ्या म्हणत होते. आम्हालाही येत नाही असं सांगणारा हा पहिलाच माणूस दिसला, म्हणून तिनं फोन केला होता.

मौलांनी पुढचे आठ दिवस कोपऱ्यातल्या बाकड्यावर काढले. सहा जाळ्या केल्या. कुठं भोकं मोठी, कुठं लांब, कुठं आतल्या बाजूनं नरसाळ्यासारखी उतरती करून पॉलिश केलेली. अफताब आधी लांबूनच बघत होता. मग तोच म्हणाला, की उतरत्या भोकांसाठी ड्रिल वेगळ्या कोनात घासून घ्यावं लागेल, आणि बापाच्या शेजारी उभा राहून ते त्यानं घासूनही दिलं.

एका रविवारी सगळे अफताबच्या गाडीनं पाटणला निघाले. मौला, अम्मी, जीनत, आणि अडीच महिन्यांची आयेशा. चाळीस दिवस कधीच संपले होते आणि अम्मीला स्वतःलाच फिरायला जायचं होतं. कऱ्हाड मागं पडल्यावर डोंगर जवळ आले. पाटणच्या पुढं रस्ता अरुंद झाला. वाडीच्या तोंडाशी सोनिया वाट बघत उभी होती. तिनं आधी आयेशाला कडेवर घेतलं आणि मग सगळ्यांना घराकडं नेलं.

सोनियाच्या सासू हरणाबाई ओट्यावर बसल्या होत्या. सत्तरी गाठलेली, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. त्यांनी मौलांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमीच व्हय ते मौला? मला वाटलं तुमी कवाच गेलासा."

"हाय की आजून," मौला म्हणाले.

हरणाबाईंनी आतून मशीन आणवलं. उंब्रजच्या बाजारातून त्यांनी ते थोरल्या लेकीच्या लग्नाच्या वर्षी घेतलं होतं. दांड्याचं लाकूड हातानं इतकं गुळगुळीत झालं होतं की ते काळं काचेसारखं दिसत होतं. मौलांनी ते मांडीवर घेतलं, दांडा फिरवून बघितला, आटा काढला, भोकाशी डोळा नेला. आत काही झिजलेलं नव्हतं.

गटातल्या बायका जमल्या. नाचणीचं पीठ मळलं आणि एकेक जाळी लावून बघायला सुरुवात झाली. पहिल्या जाळीतून बोटाएवढे तुकडे पडले. दुसरीतून त्याहून बारके. उतरत्या भोकांच्या जाळीतून वीतभर शेवई आली तेव्हा सगळे पुढं सरकले. पण पाटावर आडवी ठेवताना तिचेही तीन तुकडे झाले. सहाही जाळ्या झाल्या. मौला घामानं भिजले होते. अफताब म्हणाला, पीठ आणखी बारीक दळून बघायला पाहिजे. कुणी म्हणालं, त्यात थोडा गहू घालावा. सोनिया नको म्हणाली. नुसत्या नाचणीच्या पाहिजेत म्हणूनच तर लोक मागतात.

हरणाबाई इतका वेळ ओट्यावरून बघत होत्या.

"भाकरी कशी करतासा तुमी नाचणीची?" त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं. "गार पाण्यात मळतासा व्हय?"

कुणीच गार पाण्यात मळत नव्हतं. नाचणीच्या भाकरीला उकळतं पाणी लागतं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. पण शेवया म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गव्हाचंच पीठ येत होतं, आणि गव्हाच्या पिठासारखंच ते मळलं जात होतं. हरणाबाई उठल्या, चुलीवर पातेलं ठेवलं, पाण्याला उकळी आली तशी त्यात मीठ आणि पीठ टाकलं, उलथण्यानं ढवळलं आणि झाकण ठेवून उकड काढली. ती गरम असतानाच हाताला पाणी लावून त्यांनी मळली. पोळतंय म्हणून कुणी मदतीला आलं, तर त्यांनी हातानंच बाजूला सारलं.

साध्या जाळीत ती उकड चिकटून बसली. मौलांनी जाळी बदलली आणि उतरत्या भोकांची लावली. सोनियानं दांडा फिरवला.

शेवई आली. वीतभर आली, हातभर आली आणि खाली लोंबत राहिली. तांबूस तपकिरी, चकचकीत, एकीला एक न चिकटलेल्या चाळीस शेवया एकदम खाली उतरत होत्या. एक बाई ताट घेऊन धावली. ताट पुरेना म्हणून दुसरीनं सूप आणलं. दांडा फिरवायला सगळ्यांनाच हवा होता, त्यामुळं रांग लागली. अम्मीनंही फिरवला. अफताब मोबाइलवर चित्रीकरण करायला लागला आणि हात हलेल म्हणून त्यानं कोपर खांबाला टेकवलं. मौला आणि हरणाबाई ओट्यावर शेजारी बसून नुसते बघत होते. नाचणीला उकड लागते हे आपल्याला पस्तीस वर्षांत सुचलं नाही, असं मौला म्हणाले. हरणाबाई म्हणाल्या, पण भोकं आतून घासायचं मलाबी सुचलं नसतं की.

दुपारी जेवायला बसल्यावर या जाळीला नाव काय द्यायचं, याचा विषय निघाला. मौलांनी हरणाबाईंचं नाव सुचवलं. बायकांना ते फार आवडलं. पण हरणाबाईंनी जीनतला विचारलं, की तुझ्या त्या यादीत बाया काय लिहून शोधत्यात? जीनत म्हणाली, नाचणी.

"मग नाचणीची जाळीच म्हना," त्या म्हणाल्या. "मला शोधत कोन येतंय? नाचणीला शोधत्यात."

कुपवाडला परत आल्यावर जीनतनं ते जुनं पान नव्यानं लिहिलं. आमच्याही तुटतात ही ओळ तिनं काढली नाही. तुटत होत्या, मग अशा जमल्या, असं पुढं जोडलं. हरणाबाईंचे उकड मळणारे हात, सोनियाचा आवाज आणि शेवटी लोंबणाऱ्या शेवया, असं साडेतीन मिनिटांचं चित्रीकरण घातलं. पहिल्या आठवड्यात तिला दिसलं की बरेच जण उकड होईपर्यंत बघतात आणि मग निघून जातात. कारण मध्ये अफताबचा अर्ध्या मिनिटाचा ड्रिलबद्दलचा खुलासा होता. तो खुलासा तिनं शेवटी टाकला. अफताब चार दिवस रुसला. पण त्यानंतर आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक शेवटपर्यंत थांबू लागले, आणि मग त्याचाही खुलासा ऐकू लागले, तेव्हा त्याची समजूत पटली.

रमजान लागायच्या आधीच्या दोन आठवड्यांत वेबसाइटवर सातशे माणसं येऊन गेली. त्यात घरचं एकही नव्हतं. यादीत आता नाचणीच्या शेवया विकत कुठं मिळतात, असेही शब्द दिसायला लागले. तेव्हा त्या पानाच्या खाली सोनियाच्या गटाचा नंबर घातला. ज्याला करायच्या त्यानं आमच्याकडं यावं, ज्याला नुसत्या खायच्या त्यानं पाटणला फोन करावा. पहिल्याच आठवड्यात सोनियानं फोन करून कळवलं, की गटातल्या आठ जणी कमी पडतायत, खालच्या वाडीतल्या चौघींना बोलावून घेतलंय आणि सासूबाई सगळ्यांना उकड शिकवताना फार ओरडतायत.

बाकडं काढायचं कुणी नाव काढेना. अफताबनं नवीन लेथसाठी शेडच्या दुसऱ्या बाजूची भिंत चार फूट बाहेर घेतली आणि कोपऱ्यात बाकड्याशेजारी आणखी एक ड्रिल बसवलं. सकाळी मौला शेडमध्ये गेले तेव्हा ते त्यांना दिसलं.

ईद झाल्यावर जीनतला घ्यायला तिचा नवरा फरदीन लोणंदहून गाडी घेऊन आला. आयेशा आता मान धरत होती आणि कुणीही दिसलं की हसत होती. सामान गाडीत चढलं. अम्मीनं डबे दिले. सोमवारचे आकडे तिकडून बघून कळवत जाईन, असं जीनतनं सांगितलं. आकडे कुठं बघायचे ते तिनं अफताबलाही शिकवून ठेवलं होतं. निरोप घ्यायला ती अब्बांकडं वळली, तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला.

मौलांनी एक बोट वर करून तिला थांबायची खूण केली. पलीकडं चिपळूणची कुणीतरी बाई होती. तिनं चित्रीकरण दोनदा बघितलं होतं, तरी तिची उकड फाटत होती. मौलांनी पाणी किती घेतलं, पीठ कधी टाकलं, झाकण किती वेळ ठेवलं, सगळं विचारलं. मग ते शेडच्या पायरीवर बसले. "घाई करू नगा," ते म्हणाले, "आपन परत पयल्यापासनं करू. पातेलं ठेवा, मी हाय लाइनीवर."

फरदीननं गाडी बंद केली आणि दार उघडून तोही खाली उतरला. अम्मीनं पुन्हा चहा टाकला. जीनत आयेशाला खांद्यावर घेऊन अंगणात उभी राहिली. अब्बा चिपळूणच्या त्या बाईला पाण्याला उकळी कशी दिसली पाहिजे ते सांगत होते, आणि सांगता सांगता मोकळ्या हातानं हवेत पातेलं ढवळत होते.